सरोवराचे की नदीचे?

मी नावेतून वाकून बाटली पाण्यात बुडवणार, इतक्यात नावाड्याने इंजिन बंद केले आणि विचारले, "न्याबो, पाणी सरोवराचं हवंय की नदीचं?" 'न्याबो' म्हणजे ताई किंवा बाईसाहेब, तिकडे कोणत्याही प्रौढ स्त्रीला आदराने असेच संबोधतात. त्याच्या प्रश्नात थट्टा नव्हती. किराणा दुकानदार पोहे जाडे हवेत की पातळ असे ज्या सरळपणाने विचारतो, त्याच सरळपणाने त्याने विचारले होते आणि उत्तराची वाट पाहत तो वल्ह्यावर हात ठेवून उभा होता. मी मागे वळून पाहिले तर पाणी, पुढे पाहिले तर पाणी, आणि दोन्हीकडे त्याचा रंग एकच, पावसाळी ढगाखालच्या शेवाळासारखा. इंजिन बंद असूनही नाव मात्र हळूहळू उत्तरेकडे सरकत होती. मला उत्तर देता येईना. शेवटी त्यानेच माझ्या हातातली बाटली घेतली, नावेच्या डाव्या अंगाला वाकून भरली, झाकण घट्ट फिरवले, बाटली सदऱ्याला पुसली आणि परत दिली. पाणी कुठले, हे त्याने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. पुढचे सगळे दिवस तो प्रश्न मात्र चपलेत अडकलेल्या खड्यासारखा टोचत राहिला.

हे झाले जिंजाला. व्हिक्टोरिया सरोवराच्या उत्तर काठावरचे हे युगांडातले शहर, आणि सरोवरातून नाईल बाहेर पडते ती इथूनच. माझा भाचा तिकडच्या एका साखर कारखान्यात रसायनतज्ज्ञ आहे. आपल्याकडच्या ऊसपट्ट्यात शिकलेली बरीच मुले आता पूर्व आफ्रिकेतल्या कारखान्यांत नोकरीला जातात, त्यांतलाच तो एक. त्याच्याकडे तीन आठवडे राहायला निघाले, तेव्हा आईने स्वतः धुऊन वाळवलेली एक छोटी बाटली माझ्या बॅगेत ठेवली. तिच्या देवघरात गंगेचा तांब्याचा गडू आहे, त्र्यंबकचे पाणी आहे, अमरकंटकहून कुणी तरी आणून दिलेली नर्मदा आहे, आणि प्रत्येक बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवून नाव लिहिलेले आहे. "एवढी मोठी नदी तिथे उगम पावते म्हणतात, मग रिकाम्या हाताने कशाला यायचं?" एवढेच ती म्हणाली. तिचे वय चौऱ्याऐंशी आहे. या वयात तिने भूगोल शिकावा की मी तिला शिकवावा, असा विचारही मनात आला नाही आणि मी बाटली घेऊन निघाले.

उगम म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे काय येते, ते मला त्या नावेत बसल्यावर कळले. ब्रह्मगिरीच्या पायऱ्या चढताना लागलेली धाप, वर कातळातून थेंब थेंब ठिबकणारे पाणी, किंवा महाबळेश्वरला दगडी गायीच्या मुखातून पडणारी करंगळीएवढी धार आणि त्या एकाच धारेत पाच नद्या आहेत असे सांगणारा पुजारी. आपला उगम ओंजळीत मावावा लागतो. त्याच्यासमोर वाकता आले पाहिजे, त्याच्याभोवती कुंड बांधता आले पाहिजे, आणि पुढे जाऊन हीच धार अर्ध्या महाराष्ट्राला पाणी पाजते याचे नवल वाटले पाहिजे. जिंजाला यातले काहीच नाही. नाईल तिथे जन्मते ती थेट रुंद, भरलेली, मोठी होऊनच. लेकरू नाही, एकदम थोराड बाईच दारातून बाहेर पडावी, तसे ते दृश्य आहे. नमस्काराला उचललेले हात नेमके कुठल्या दिशेला जोडायचे, हेच समजत नाही.

उगमाच्या बागेतून उतरणीने खाली गेले की नावांचा धक्का लागतो. सकाळची वेळ होती. विषुववृत्त इतके जवळ असूनही अंगावर शाल घ्यावी अशी हवा होती, कारण हे सरोवर समुद्रसपाटीपासून सुमारे ११३५ मीटर उंचीवर आहे. धक्क्याजवळच्या उंच झाडांवर मरबू करकोचे बसलेले होते. टक्कल पडलेले, खांदे पाडलेले, पेन्शनच्या रांगेत सकाळपासून उभ्या असलेल्या माणसांसारखे ते दिसतात. पाण्यावर मात्र सगळी चपळाई होती. काळापांढरा खंड्या हवेत एका जागी पंख फडफडवत थांबे आणि एकदम दगडासारखा खाली पडे. अर्धवट बुडालेल्या खडकांवर पाणकावळे पंख पसरून वाळत बसले होते, आणि त्या खडकांवरची त्यांची पांढरी विष्ठा चुना मारल्यासारखी चमकत होती. एका वाळलेल्या फांदीवरून मत्स्यगरुडाने डोके पाठीकडे टाकून हाक दिली, तेव्हा नावेतले आम्ही सगळे बोलता बोलता थांबलो. त्या हाकेत काही तरी हरवल्याची आणि ते हरवले म्हणून कुणावर तरी रागावल्याची, अशा दोन्ही छटा असतात.

पाण्याच्या मधोमध 'नाईलचा उगम' असे सांगणारी पाटी आहे. जवळच एका ठिकाणी पाणी खालून उकळल्यासारखे वर येते आणि वर्तुळे करत पसरते. तिथे नाव थांबवून वाटाडे सांगतात की हा भूगर्भातला झरा, आणि नाईलचे इतके टक्के पाणी सरोवराचे तर इतके टक्के या झऱ्यांचे. आकडे ते ठामपणे सांगतात. मला मात्र ते पाणी खालच्या खडकांना अडखळून वर उसळत असावे असे वाटले, आणि पाहुण्याला वाकण्यासाठी एक जागा हवी असते हे वाटाड्यांनी माझ्याआधीच ओळखलेले असावे. मी नावाड्याला विचारले, धबधबा कुठे आहे? मी वाचून गेले होते की सरोवरातून नदी धबधब्याने बाहेर पडते. त्याने उत्तर दिले नाही. नावेच्या काठावरून हात खाली सोडला आणि पाण्यावर तळवा टेकवला, झोपलेल्या मुलाच्या पाठीवर ठेवतात तसा.

धबधबा खाली होता.

हा रिपन धबधबा. २८ जुलै १८६२ रोजी जॉन हॅनिंग स्पीक हा इंग्रज शोधप्रवासी पश्चिम काठावर येऊन उभा राहिला आणि नाईल कुठून निघते या युरोपातल्या जुन्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला सापडले असे त्याने ठरवले. त्याने तिथे पाहिले ते असे : हजारो मासे पाण्याच्या धारेवर उड्या मारत आहेत, स्थानिक कोळी खडकांवर गळ टाकून बसले आहेत, पाणघोडे आणि मगरी पाण्यात सुस्त पडून आहेत. म्हणजे शोध लागला तेव्हा तिथे मासेमारीचा धंदा जोरात चालू होता. धबधब्याला तिथले लोक 'दगड' म्हणत, हेही त्याने लिहून ठेवले. जिंजा या नावाचा अर्थही तोच, दगड. पण स्पीकने त्याला रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीच्या माजी अध्यक्षांचे नाव दिले, आणि ते अध्यक्ष म्हणजे आपल्या शाळेच्या इतिहासात भेटणारे लॉर्ड रिपन, पुढे हिंदुस्थानचे व्हाइसरॉय झालेले, १८८२ च्या ठरावाने स्थानिक स्वराज्य संस्थांचे जनक ठरलेले. नगरपालिकेच्या धड्यात पाठ केलेले नाव आफ्रिकेत पाण्याखाली बुडालेले सापडेल, असे मला कधी वाटले नव्हते. आणखीही एक धागा आहे. स्पीकच्या मोहिमेतला विश्वासू माणूस होता सिदी मुबारक. लहानपणी गुलाम म्हणून विकला जाऊन तो पश्चिम हिंदुस्थानात येऊन पडला होता, सुटका झाल्यावर आफ्रिकेत परतला, आणि त्याचे नाव पडले 'बॉम्बे'. साहेब आणि तो एकमेकांशी बोलत ते हिंदुस्थानीत. नाईलच्या उगमाच्या त्या प्रसिद्ध शोधात कितीतरी निरोप, हुकूम आणि कदाचित शिव्याही आपल्याला समजतील अशा भाषेत गेल्या असतील. पश्चिम काठावर स्पीकचा स्तंभ आहे. बॉम्बेचे तिथे काही नाही.

पूर्व काठावर, स्तंभाच्या समोरच्या बाजूला, गांधीजींचा अर्धपुतळा आहे. १९४८ मध्ये त्यांच्या रक्षेचा एक अंश इथे नाईलमध्ये सोडला गेला, आणि १९९७ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान इंद्रकुमार गुजराल यांच्या हस्ते हा पुतळा उभा राहिला. नाशिकच्या रामकुंडातही त्या रक्षेचे विसर्जन झाले होते. लहानपणी आम्ही तिथे आजोबांच्या अस्थी घेऊन गेलो होतो, तेव्हा हे कुणी तरी सांगितले होते. पुतळ्यासमोर उभी असताना मला आठवला तो रामकुंडातला चिकट शेवाळी दगड आणि आजोबांच्या अस्थींचा हलका, कोरडा, भाजलेल्या मातीच्या तुकड्यांसारखा आवाज. नाईलमध्ये सोडलेली रक्षा सुदान आणि इजिप्त ओलांडून भूमध्य समुद्राला मिळायची. सहा हजार किलोमीटरहून अधिक प्रवास. इतक्या लांब जाण्यासाठी इतकी कमी वस्तू मी दुसरी पाहिलेली नाही.

धबधबा बुडाला तो १९५४ मध्ये. खाली अडीच-तीन किलोमीटरवर ओवेन फॉल्सचे धरण झाले, राणी एलिझाबेथच्या हस्ते उद्घाटन झाले, पाणी मागे तुंबले आणि रिपन धबधबा शांत झाला. सरोवरातून पाणी अधिक सहज यावे म्हणून त्याचा खडकाळ उंबरठाही फोडून खोल करण्यात आला. त्यानंतर जे ठरले ते मला फार चमत्कारिक वाटते. सरोवराची पातळी अमुक असताना त्या उंबरठ्यावरून पूर्वी जितके पाणी आपोआप वाहून गेले असते, तितकेच पाणी धरणातून सोडायचे, कमी नाही आणि जास्तही नाही, असा करार ब्रिटिश राजवट आणि इजिप्त यांच्यात झाला, आणि त्यावर लक्ष ठेवायला इजिप्तचा एक अभियंता जिंजाला राहू लागला. म्हणजे उंबरठा फोडून टाकला, पण त्याचे वागणे कागदावरच्या एका वक्ररेषेत उतरवून घेतले आणि धरणाला त्या रेषेप्रमाणे वागायला सांगितले. घरातले कर्ते माणूस गेल्यावर 'त्यांच्या वेळी असं होतं' म्हणत सगळे सणवार तसेच चालवले जावेत, तसे काहीसे. पुढे शेजारी दुसरे वीजघर झाले, २००४ ते २००६ च्या दुष्काळात ठरल्याहून जास्त पाणी सोडले गेले, आणि सरोवर खाली गेले ते काठावरच्या नावांना चिखलात बसवून. गेलेल्याचा शब्द किती दिवस पाळायचा, हा प्रश्न सगळ्या घरांत कधी ना कधी येतोच.

जिंजाची प्रेक्षणीय स्थळे पाहायला निघालेल्या माणसाला हे पुन्हा पुन्हा भेटते. दुसऱ्या दिवशी भाचा म्हणाला, "मावशी, आज बुजागालीला जाऊ." गेलो. सुंदर जागा आहे. उतरते हिरवे काठ, निवांत पसरलेले पाणी, बेटांवर बगळ्यांची वस्ती, काठावर बाके आणि थंड पेये. पण बुजागाली हेही एका धबधब्याचे नाव आहे आणि तोही खाली आहे. २५० मेगावॉटचा प्रकल्प २०१२ मध्ये पूर्ण झाला आणि पायऱ्या-पायऱ्यांनी कोसळणारे ते पाणी सपाट झाले. भाच्याचा चालक तिथल्याच एका खेड्यातला. तो सांगत होता की पूर्वी तिथली मुले पिवळे प्लॅस्टिकचे कॅन पोटाशी कवटाळून त्या खळाळात उड्या घेत, खाली जिवंत बाहेर पडत आणि पाहुण्यांकडून पैसे घेत. तो हे सांगताना शांत पाण्याकडे बोट दाखवत होता, आणि बोट मात्र उड्या मारत होते, इथून इकडे, मग तिकडे, मग तो मोठा दगड.

बुजागाली हे मुळात देवाचे नाव. तो त्या खळाळात राहायचा. झाडाच्या सालीच्या वस्त्रावर बसून, म्हणजे आपल्या शब्दांत वल्कलावर बसून, जो तो खळाळ ओलांडील त्याच्या अंगी तो देव आहे असे मानत. धरण होणार हे ठरल्यावर त्या देवाला दुसरीकडे हलवण्यासाठी विधी करण्यात आले. प्रकल्पाच्या खर्चात त्यासाठीही तरतूद होती, आणि देव हलला की नाही यावर तिथल्या जाणत्यांमध्ये मतभेद झाले. हे ऐकताना माझ्याबरोबरच्या एका पाहुण्याला हसू आले. मला आले नाही.

माझे आजोळ इंदापूर तालुक्यातले, भीमेच्या काठचे. उजनीच्या पाण्यात ते गेले. आई सांगते की गाव उठले तेव्हा माणसांच्या आधी देवांचा प्रश्न निघाला होता. देवीचा तांदळा जमिनीतून उपटायचा कसा, तिची मर्जी आहे का, हे विचारायला कौल लावले. उजवा कौल येईना म्हणून दोन दिवस बैलगाड्या जुंपलेल्या तशाच उभ्या राहिल्या. शेवटी तिसऱ्या दिवशी देवी निघाली. पण आजीचे म्हणणे शेवटपर्यंत असे होते की देवी आली नाही, दगड आला. हल्ली त्या पाण्यावर लोक हिवाळ्यात रोहित पक्षी बघायला जातात. मीही एकदा मैत्रिणींबरोबर भिगवणला नावेत बसले होते. गुलाबी पक्ष्यांचा थवा उठला तेव्हा सगळ्यांनी एकच गलका केला, आणि नावाडी बांबूने खोली चाचपत सहज म्हणाला, "हितं शाळा होती." उन्हाळा कडक पडला की पळसदेवचे जुने मंदिर पाण्याबाहेर डोके काढते आणि मग लोक तेही बघायला जातात. आमच्या गावात असे उंच काही नव्हते. आमचे गाव कधीच वर येत नाही.

म्हणूनच मी अजून न बुडालेल्या इटांडाला जायचा हट्ट धरला. जिंजापासून तो खळाळ तीस-एक किलोमीटर उत्तरेला आहे. तांबड्या मातीचा रस्ता, दोन्ही बाजूंना ऊस, मका, केळी आणि फणस. ओझ्याने वाकलेले फणस पाहून मी नाव विचारले तर उत्तर आले, "फेने." स्वाहिलीत त्याला फेनेसी म्हणतात. आपला फणसच गलबतात बसून समुद्रापार गेला आणि तिकडच्या हवेने जरा आखडला, असेच वाटावे. रस्त्यावरची मुले गाडी दिसली की ओरडत होती, "मुयिंदी! मुयिंदी!" म्हणजे भारतीय. त्यात ना प्रेम होते ना राग, आपण 'रेल्वे, रेल्वे' म्हणून ओरडायचो तसेच होते ते.

इटांडा आधी ऐकू येतो. गाडीतून उतरले तेव्हा वाटले की जवळपास कुठे मळणीयंत्र चालू आहे. मग गवतातून चालू लागलो, पायांखाली माती ओलसर होत गेली, हवेत दळलेल्या पाण्याचा वास आला, आणि आवाज हळूहळू कानांतून छातीत उतरला. वळणावर एकदम सगळी नदी समोर आली. हा आपल्याकडच्यासारखा कड्यावरून पडणारा धबधबा नाही. इथे नदी आडवी धावते, खडकांवर आपटते, स्वतःवरच उलटी कोसळते, हिरव्या काचेसारखी एक लाट उभी राहते आणि फुटते, पुन्हा तिथेच उभी राहते आणि पुन्हा फुटते. पाणी पुढे जात होते आणि लाट मात्र जागच्या जागी होती. मी तिच्याकडे किती वेळ पाहत उभी होते कोण जाणे. चष्म्यावर तुषार जमून सगळे अंधुक झाले तरी पुसावेसे वाटले नाही. भाचा कानाशी ओरडून काही सांगत होता, त्यातले अर्धे मला ऐकू आले : बुजागाली बुडवायला परवानगी देताना त्याच्या बदल्यात इटांडा आणि पलीकडच्या काठाचा कालागाला कायम राखून ठेवायचा, असा करार झालेला आहे. मला बरे वाटले आणि लगेच वाटले की कागदावर राखलेल्या गोष्टींचा आपला अनुभव काही फार चांगला नाही. खडकांच्या बेचक्यात मातीची लहान बोळकी, काही नाणी आणि कॉफीच्या बिया ठेवलेल्या होत्या. इथेही कुणी तरी राहत होते तर.

शहराविषयी थोडेच सांगते. जिंजाच्या मुख्य रस्त्यावरून चालताना मला सतत कुठल्या तरी जुन्या गुजराती पेठेत असल्यासारखे वाटत होते. खांबांच्या पडव्या, जाळीचे सज्जे, इमारतींच्या कपाळावर सिमेंटमध्ये उठवलेली नावे आणि साले. १९७२ च्या ऑगस्टमध्ये तिथला हुकूमशहा इदी अमीन याने आशियाई लोकांना देश सोडायला नव्वद दिवस दिले आणि ही पेठ रिकामी झाली. पुढे काही जण परतले. ती सगळी कहाणी आपल्याला ठाऊक आहे. मला ठाऊक नव्हते ते हे, की दुकानाला तिकडे आजही 'एडूका' म्हणतात, आणि चुलीवरच्या तव्यावर चपाती आणि तिच्यात गुंडाळलेले अंड्याचे ऑम्लेट यांना मिळून 'रोलेक्स' म्हणतात, आणि ते खायला कोपऱ्याकोपऱ्यावर झुंबड असते. माणसे हाकलली गेली तेव्हा चपाती गेली नाही. संध्याकाळी सरोवराच्या काठी गेले तर वाळूवर 'मुकेने' नावाचे बोटाएवढे चंदेरी मासे वाळत घातलेले होते, आणि तो वास नाकात शिरताच मी डोळे मिटून रत्नागिरीच्या जेटीवर जाऊन आले. भाचा नाकाला रुमाल लावून उभा होता. घाटावरचा मुलगा, त्याला सुकटीच्या वासाचे काय कळणार!

पण त्याच संध्याकाळी त्याने मला जे सांगितले त्याने मन जरा कडवट झाले. राजधानी कंपालाहून येताना वाटेत माबिराचे जंगल लागते. सुमारे तीनशे चौरस किलोमीटरचे, उंच, दाट, आतून गार. त्यातला मोठा तुकडा तोडून तिथे ऊस लावायला एका साखर कंपनीला द्यायचा, असा सरकारचा बेत होता. एप्रिल २००७ मध्ये त्याविरुद्ध कंपालात निघालेल्या मोर्चाची दंगल झाली आणि त्यात माणसे मेली. एक भारतीय तरुणही जमावाच्या हाती सापडून मारला गेला. बेत बारगळला. मी येताना त्याच जंगलाच्या कडेला गाडी थांबवून भाजलेली केळी खाल्ली होती आणि किती छान जंगल राखलेय म्हणून कौतुक केले होते. आमच्या घरातला एक मुलगा उसावर जगतो, आमच्या आजोळाच्या उरलेल्या जमिनीतही धरणाच्या पाण्यावर ऊसच उभा आहे, आणि मी मात्र झाडांकडे बघून उसासे टाकते. या बाबतीत माझी बाजू कुठली, हे मला ठरवता आलेले नाही.

निघायच्या आदल्या रात्री वादळ आले. सरोवरावर वीज कोसळते तेव्हा क्षणभर ते सगळे दिसते, क्षितिजापर्यंत, आणि मग पुन्हा काहीच नसते. भाचा म्हणाला, सरोवरात येणाऱ्या पाण्यातला सुमारे चार-पंचमांश वाटा थेट त्याच्यावर पडणाऱ्या पावसाचा असतो, नद्यांचा वाटा लहान. आले त्यातले बहुतेक उन्हाने वर जाते, आणि उरते ते एकाच दाराने बाहेर पडते, ते दार म्हणजे जिंजा. नदीकडून मागे मागे जायचे म्हटले तर कागेरा नदी धरून बुरुंडीतल्या डोंगरापर्यंत जाता येते, आणि तिथेही 'नाईलचा उगम हाच' म्हणून कुणी तरी छोटा पिरॅमिड बांधून ठेवला आहे. मग तो २०२० सालच्या गोष्टी सांगू लागला. त्या वर्षी पावसाने सरोवर इतके चढले की १९६४ ची विक्रमी पातळीही मागे पडली. गवत आणि जलपर्णीचे काही एकरांचे एक बेट काठापासून सुटून तरंगत आले आणि जिंजाच्या वीजघरावर येऊन आदळले, आणि सगळ्या देशात अंधार झाला. "बेट चालत आलं," असे तिथले लोक म्हणतात म्हणे. पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता की त्याला ही सगळी माहिती ओरडूनच सांगावी लागत होती, आणि ओरडून सांगितलेली माहिती जरा खोटी वाटते. मी बाटली उशाशी घेऊन झोपले.

पुण्याला परत आल्यावर आईने आधी बाटली मागितली, मग माझी खुशाली विचारली. बाटलीतले पाणी उजेडात धरून पाहिले. तळाशी थोडा हिरवट गाळ बसला होता, तो पाहून तिचे समाधान झाले. फार स्वच्छ पाण्यावर तिचा विश्वास नाही. "उगमाचंच ना?" तिने विचारले. मी तिला नावाड्याची गोष्ट सांगितली, बुडालेला धबधबा सांगितला, बुजागाली सांगितला, त्याला हलवल्याचेही सांगितले. शेवटच्या गोष्टीवर ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आमच्याकडे अजून नदीवर जाते असंच म्हणतात. धरणावर जाते असं बायका म्हणत नाहीत. चाळीस वर्षं झाली." आणि ड्रॉवरमधून कागदाची पट्टी, डिंकाची बाटली आणि पेन काढून तिने माझ्यासमोर ठेवले.

"काय लिहू?"

"तिथली माणसं तिला काय म्हणतात ते लिही."

हे मात्र मला ठाऊक होते. नाव काठाला लागताना मी नावाड्याला विचारून घेतले होते. 'कियिरा', असे लिहून मी पट्टी चिकटवली. आईने चष्मा लावून ते अक्षर अक्षर जोडत वाचले, बाटली नर्मदेच्या आणि गंगेच्या मध्ये ठेवली, जरा थांबली, पुन्हा उचलून हातात घेतली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "पण ही नदी आहे की नद? ब्रह्मपुत्रेसारखा बाप्या असला तर बायकांच्या रांगेत कसा ठेवू?"

ते विचारायचे राहूनच गेले होते.